मडमेने खाल्लेलं कुलूप

बंदरात नांगरलेल्या बोटीवर चोर कसा येतो, याबद्दल लोकांच्या कल्पना गमतीच्या असतात. किर्र काळोख, तोंडाला फडकं, दातात सुरी. मी सोळा-सतरा वर्षं मालवणच्या बंदरात बोटी राखल्या. सुरीवाला एकही पाहिला नाही. आमचा चोर दुपारी यायचा, होडीतून यायचा, आणि "तांडेलानू, बांगडे होये काय?" असं विचारत यायचा. तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य खलाशी, पुढे वाकून बांगड्यांचे डोळे बघत असायचा, तेवढ्यात होडीतला दुसरा मागच्या बाजूने दोरखंडाचं वेटोळं उचलायचा. बांगडे मात्र ताजे असायचे. ते कबूल करायला हवं.

हे काम बाईमाणसाचं नव्हतं. माझा नवरा करायचा. तो तापाने गेला, तेव्हा हंगाम ऐन भरात होता. तेराव्यानंतर मी त्याची होडी पाण्यात ढकलली आणि जाऊन त्याच्या जागेवर बसले. नाखव्यांनी, म्हणजे बोटींच्या मालकांनी, आपसात बरीच कुजबुज केली. पण हंगामात दुसरा माणूस मिळेना आणि मी उठेना. पुढच्या वर्षी कुजबुज बंद झाली. शाळा चौथीपर्यंत झाली होती, वल्हवणं त्याआधीच येत होतं.

काम काय, ते सांगते. तेव्हा पडाव आणि मचवे शिडावर चालायचे. कौलं, मीठ, लाकूड घेऊन यायचे, किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकायचे. माल उतरला की खलाशी किनाऱ्यावर जायचे. कोणी बाजारात, कोणी गोड्या पाण्याने आंघोळीला, जवळपासचा असेल तर घरी. मागे बोट रिकामी. त्या रिकाम्या बोटींमधून होडी फिरवत राहायचं, एवढंच काम. बदल्यात तांदूळ मिळायचे, मीठ मिळायचं, एखादा नाखवा हंगामाच्या शेवटी लुगडं द्यायचा.

चोरी होते ती बहुतेक बोटवाल्याच्या तोंडामुळे. चहाच्या दुकानात बसून "आम्ही आता परवाच येतलो" असं ओरडून सांगणारे तांडेल मी पाहिले आहेत. अरे मेल्या, मग पाटी तरी लाव. एक दक्षिणेकडचा तांडेल फार सावध. दुपारी झोपताना तांब्याच्या हंड्याला दोरी बांधून तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचा. हंडा गेला. जाताना चोराने ती दोरी त्याच्याच पाण्याच्या बादलीला बांधून ठेवली होती, म्हणजे अंगठ्याला ओढ लागत राहावी. तांडेल संध्याकाळपर्यंत घोरत होता. त्या चोराबद्दल मला आदर आहे.

खलाशांना मी एकच गोष्ट बजावायची. चोर बोटीवर दिसला, तर आधी खाकरा, ओरडा, भांडं आपटा, आणि त्याला उतरायला वाट द्या. एका तरण्याबांड खलाशाने चोराला नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, कोंडून धरलं. भ्यालेल्या चोराने हाताला आलं ते वल्हं त्याच्या डोक्यात घातलं. वाचला, पण पुढे कायम डाव्या कानाने बहिरा. गेलं काय असतं, तर एक कंदील. कंदील दुसरा मिळतो.

पण माझी खरी राखण होडीने होत नव्हती, नारळाने होत होती. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. बोट रिकामी व्हायची असली की मी एक नारळ घेऊन ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालायची. "बा देवा म्हाराजा, ह्या पडावाची राखण कर, जो कोण ह्येका हात लावीत तेका तू बघून घे." मग त्या नारळाला कुंकू लावून, शेंडी वर करून, तो बोटीच्या नाळीवर ठेवायचा. झालं. बोट देवाच्या ताब्यात. आमच्याकडचा कितीही निर्ढावलेला चोर असला, तरी नारळ असलेल्या बोटीच्या काठाला तो हात लावायचा नाही. खलाशी परत आले की तांडेल नारळ समुद्राला द्यायचा, म्हणजे कुलूप निघालं. बाहेरगावच्या चोरांसाठी मी होते, गावातल्यांसाठी नारळ होता. दोघांचं मिळून बरं चाललं होतं.

गोवा मोकळा झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी एक छोटी पांढरी शिडाची बोट बंदरात आली. माल नाही, खलाशी नाहीत, नुसता एक गोरा साहेब आणि त्याची मडम. दोघं आपल्या हौसेने जग फिरायला निघाली होती. मुंबईहून आली होती आणि पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाणार होती. जकात कचेरीतले भाऊसाहेब कारकून इंग्रजी जाणायचे, ते मला म्हणाले, "काकी, या लोकांची बोट तुमच्याकडे. काही गेलं तर सगळ्या बंदराची नाचक्की होईल."

मी पहिल्याच दिवशी गाऱ्हाणं घातलं आणि नारळ नेऊन ठेवला. त्या वेळी ती दोघं किनाऱ्यावर पाण्याची पिंपं भरत होती. परत आल्यावर मडमेने नारळ पाहिला, माझ्याकडे पाहून हसली, हात छातीला लावला आणि मला बिस्किटांचा एक डबा दिला. मला वाटलं, राखणीचा मोबदला. तिला वाटलं, बाईने भेट आणली, आपण परतभेट दिली. नारळ म्हणजे काय, हे तिला सांगायचं माझ्याही डोक्यात आलं नाही आणि भाऊसाहेबांच्याही नाही. सूर्य कुठे उगवतो, हे आपण पाहुण्याला सांगतो का?

आठ दिवस ती बोट सताड उघडी असायची. बाहेर टॉवेल, कॅमेरा, बूट, पुस्तकं, सगळं पडलेलं. कशाला धक्का लागला नाही. साहेब भाऊसाहेबांना म्हणाला, इतके प्रामाणिक लोक कुठे पाहिले नाहीत. मी नाळीवरच्या नारळाकडे बघितलं.

नवव्या दिवशी ती दोघं पहाटेच्या एस.टी.ने सावंतवाडीला लाकडी खेळणी बघायला गेली, मुक्कामाला. सकाळी मी बोटीजवळून गेले तर नाळीवर नारळ नाही. मला वाटलं, मडमेने ऊन लागतं म्हणून आत ठेवला असेल. वर चढून बघायला हवं होतं. नाही बघितलं. तिथे मी चुकले. दुपारी मी दुसऱ्या टोकाला रत्नागिरीकडच्या एका मचव्यावर सुरमईचं कालवण आणि भात जेवत होते. खोटं कशाला सांगू? चांगलं झालं होतं, दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेब परत आला आणि डोकं धरून बसला. त्याची लाकडी पेटी गेली होती. पेटीत पितळेचं एक यंत्र होतं. ते डोळ्याला लावून सूर्य मोजतात आणि भर समुद्रात आपण कुठे आहोत ते काढतात, असं भाऊसाहेबांनी मला समजावलं. ते नसेल तर साहेबाला किनारा सोडता येणार नव्हता, आणि वारा फिरायला फार दिवस उरले नव्हते. वारा फिरला की पावसाळाभर तो आणि मडम आमच्याच बंदरात. नवं यंत्र मुंबईतसुद्धा सहज मिळत नव्हतं.

मी विचारलं, "नारळ खंय?"

मडमेने आनंदाने खाण्याची खूण केली. सावंतवाडीला जायच्या आदल्या संध्याकाळी फोडून खाल्ला होता. फार गोड होता म्हणे. मला आत नेऊन तिने करवंटी दाखवली. अर्धी करवंटी तिने घासूनपुसून साबण ठेवायला घेतली होती.

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. मी होडीत जाऊन बसले आणि विचार करू लागले. माझीही भाकर त्या पेटीतच होती. राखलेल्या बोटीवर चोरी झाली म्हटल्यावर कुठला नाखवा मला पुन्हा ठेवणार?

विचार फार करावा लागला नाही. बाहेरचा चोर असता तर आठ दिवस थांबला नसता. थांबला तो नारळामुळे, आणि उचललं ते नारळ दिसेनासा झाल्याच्या दिवशीच. म्हणजे चोर गावचा होता, देवाला मानणारा होता, आणि त्या दिवशी बोटीच्या जवळून गेला होता. सकाळपासून तिथून दोनच होड्या गेल्या होत्या. एक पाणी पोचवणाऱ्या म्हाताऱ्याची, ज्याला स्वतःची होडी धड दिसत नसे. दुसरी बाबलची.

बाबल हे त्याचं खरं नाव नाही. खरं का लिहीत नाही ते पुढे कळेल. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, म्हणजे नात्याने माझा दीर. कालवं काढून विकायचा. गावात त्याच्याइतका भाविक माणूस नव्हता. सोमवार, संकष्टी, एकादशी सगळं धरायचा. पालखीला खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे.

मी गेले तेव्हा तो मागल्या दारी जाळं शिवत होता.

"ये गो वयनी, बस. चाय घेतलंस?"

"चाय नको. पेटी होयी."

"कसली पेटी?"

"गोऱ्याची. पितळेची वस्तू आसा ती."

त्याने दाताने सूत तोडलं. नाही म्हणाला नाही. बाबल खोटं बोलत नसे, तेही त्याच्या नेमात होतं. म्हणाला, "ती चोरी नाय, वयनी. मी आठ दिस बघी होतंय. नारळ होतो तवसर मी बोटीच्या सावलेकसुद्धा गेलंय नाय. नारळ गेलो, म्हणजे देवान राखण सोडल्यान. मगे ती पडलेली वस्तू."

"पडलेली? दारात ठेवलेली कोंबडीपण पडलेलीच काय रे?"

"आणि माका कित्याक होयी? देवाक पितळेच्या घंटेचो नवस बोललंय, तीन वर्सां झाली. बायल आजारातसून उठली तेवा बोललंय. पितळ खंयसून आणू? सोमवारी तांबट येतलो, तो वितळवन दितलो."

मी या माणसाला तीस वर्षं ओळखत होते, तरी हे नवीन होतं. देवाच्या भीतीने आठ दिवस थांबून, नवव्या दिवशी देवासाठीच चोरी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि सोमवार म्हणजे परवा.

शिव्या देऊन काम होणार नव्हतं. त्याला देवाच्याच बाजूने धरायला हवं होतं. मी म्हटलं, "बाबल, नारळ गेलो म्हणून तुका कोणी सांगल्यान?"

"नाळीर नव्हतो."

"नाळीर नव्हतो, पण बोटीर होतो. मडमेन फोडल्यान, पण करटी आतच आसा. साबण ठेवलो हा तिच्यात. मी आत्ताच बघून इलंय."

"करटी म्हणजे नारळ नाय."

"असां? देवासमोर नारळ फोडतत, तुका अर्धी कवड परत दितत. ती देवाची मां? की फुटली म्हणून तुजी झाली?"

जाळ्यातून सुई पुढे जाईना.

"पण खोबरां तिच्या पोटात," तो म्हणाला. "आणि ती गेलली सावंतवाडीक. म्हणजे नारळ वाडीक."

"अर्धो वाडीक, अर्धो बोटीर. राखण अर्धी झाली म्हणून देव अर्धोच कोपतलो काय? तुजो एकच पाय मोडतलो?"

त्याने नकळत पाय आखडून घेतले. मग त्याला सुचलं. "आपण कौल लावया. देव सांगात ता खरां."

कौल लावणं म्हणजे देवाच्या अंगावर तांदूळ किंवा फुलांच्या कळ्या लावून प्रश्न विचारायचा आणि कुठल्या बाजूचा पडतो त्यावरून उत्तर घ्यायचं. मी लगेच उठले. "चल. आत्ताच जावया. गुरव देवळातच आसा. पण कौल कसलो ता मोठ्यान सांगूचा लागतला, ठावक आसा मां? 'देवा म्हाराजा, ह्या बाबलान गोऱ्याच्या बोटीरसून...'"

"बस गो, बस!"

तो आत गेला. भाताच्या कणगीतून पेटी काढून आणली. माझ्या हातात देताना म्हणाला, "वयनी, माजा नाव खंय येता नये. पालखीक खांदो लावक दिवचे नाय माका."

"नाय येवचा."

"शपथ?"

"शपथ नको. सांगलंय मां."

पेटी मी टोपलीत घातली, वर केळीची पानं, पानांवर थोडी कालवं. बाबलनेच दिली, टोपली जड का, असं कोणी विचारू नये म्हणून. बेत असा होता, की होडीने जायचं, गुपचूप बोटीवर पेटी ठेवायची आणि मग साहेबालाच सांगायचं, नीट शोध, तुझ्याच कोपऱ्यात असेल. पण मी होडीकडे पोचले, तर धक्क्यावर साहेब, मडम, भाऊसाहेब आणि एक फौजदार. साहेबाने तक्रार दिली होती. फौजदार घाटावरचा, नवीन आलेला, मिशीला पीळ. चौकशीची सुरुवात राखण करणारीपासून करायची म्हणून माझीच वाट बघत होता.

"टोपलीत काय आहे?"

"कालवं."

त्याने काठीने पान उचललं. कालवं घरंगळली आणि पेटीचा कोपरा दिसला. साहेब ओरडलाच.

"बाई, हे काय?"

सरकारी माणसाशी आम्ही शाळेतल्या भाषेत बोलतो. मी म्हटलं, "साहेबांचं यंत्र आहे. मीच नेलं होतं. बोट उघडी टाकून गेले, म्हणून घरी नेऊन ठेवलं. आता परत द्यायला चालले होते."

"आधी का नाही सांगितलंस?"

"सगळे विचारत होते चोर कोणी पाहिला. यंत्र कुठे आहे, असं मला कोणी विचारलं नाही."

भाऊसाहेबांना खोकला आला. फौजदाराने विश्वास ठेवला नाही, पण साहेब पेटी उघडून यंत्राला लहान मुलासारखं कुरवाळत होता आणि तक्रार मागे घेतो म्हणत होता. फौजदाराने एका कागदावर माझी सही घेतली. पुन्हा मालकाच्या परवानगीशिवाय वस्तू हलवणार नाही, अशी. मी सही केली. अक्षर चांगलं होतं माझं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की राखणारीनेच पेटी उचलली आणि फौजदाराने टोपलीसकट पकडली. चहाच्या दुकानात या विषयावर मोठी बैठक झाली. मला नंतर कळलं, की बाबलही होता. मान हलवून म्हणाला, "आमच्या घराण्याचा नाव घालवल्यान." आणि मनापासून म्हणाला असणार. त्याच्या हिशोबाने त्याने काहीच केलं नव्हतं. वस्तू परत दिली होती, खोटं बोलला नव्हता, आणि पकडली गेली होती ती मी.

तीन नाखव्यांनी निरोप पाठवला, की आमच्या बोटी नको राखूस. चौथा म्हातारा नाखवा, ज्याचे सगळ्यांत जास्त पडाव होते, तो स्वतः आला. होडीच्या काठावर बसून विचारलं, "तू नेललंस?"

"होय."

"कित्याक?"

"असांच."

तो म्हणाला, "चोरान नेली काय तू नेलंस, वस्तू परत इली मां? ह्या बंदरात आजवर कोणाची इली? माजे पडाव तूच राख." त्याला काय कळलं होतं आणि काय नाही, हे मी कधी विचारलं नाही. पुढच्या हंगामात त्या तिघांतले दोघे परत आले. तिसऱ्याचा नांगर गेला, मग तोही आला. तो नांगर मी नेला नव्हता, हे इथे स्पष्ट लिहिते.

वारा अजून चांगला होता, म्हणून साहेबाने चार दिवसांनी निघायचं ठरवलं. मी भाऊसाहेबांना होडीत घेऊन निरोप द्यायला गेले. खरं म्हणजे नवा नारळ समुद्राला द्यायचा होता, कारण पेटी परत दिल्यापासून मी नवीन ठेवला होता आणि या वेळी भाऊसाहेबांकडून मडमेला तीनदा सांगितलं होतं, की खायचा नाही.

मडमेने आम्हाला वर घेतलं नाही. हातात कागद घेऊन ती एकेक वस्तू तपासू लागली. कॅमेरा, दुर्बीण, चमचे, साहेबाचे बूट, बिस्किटांचे डबे. प्रत्येक वस्तूपाशी थांबून माझ्याकडे बघायची. साहेबाचा चेहरा लाजेने लाल झाला होता, तो शिडाच्या दोऱ्यांशी उगाच चाळा करत होता. भाऊसाहेब आकाशाकडे बघत होते. मी कडेला होडी धरून बसले होते. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिच्या जागी मी असते, तर मीही तपासलं असतं, आणि आधी माझी होडी तपासली असती.

तपासून झाल्यावर ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली.

"काय म्हणता ती?"

"म्हणते, सगळं जागेवर आहे."

"इतक्यांच?"

भाऊसाहेब चाचरले. "म्हणते, तुम्ही मनाने वाईट नाही असं तिला वाटतं. पुन्हा असं करू नका."

तोंडाशी आलं होतं माझ्या. ती दोघं आत्ता नांगर उचलणार, दुसऱ्या मुलखात जाणार, बाबलचं नाव त्यांच्याबरोबर समुद्रात गेलं असतं, कोणाला कळलं असतं? पण सांगायचं तर भाऊसाहेबांच्या तोंडून सांगावं लागणार, आणि भाऊसाहेबांची मेहुणी आमच्याच वाडीत दिलेली.

मी म्हटलं, "सांगा तिला, पुन्हा करणार नाही."